कोण कुणाशेजारी बसलंय

आमच्या खात्यातले किस्से साठत जातात, कारण ते सांगायला जागाच नसते. घरी जेवताना विषय काढला की बायको ताट उचलून टीव्हीसमोर जाते. लग्नात कोणी विचारलं, "काय करता आपण?" आणि मी म्हणालो, "कॅन्सरच्या गाठी कापतो," की समोरचा माणूस हातातला आइस्क्रीमचा कप खाली ठेवतो! म्हणून हल्ली मी नुसतं "हॉस्पिटलात आहे" एवढंच म्हणतो. मग तो मला त्याचा गुडघा दाखवतो.

आज तुम्ही आपण होऊन विचारलंय, आणि कोणाच्या हातात आइस्क्रीमही नाही. तर ऐका.

मी निकम. नाशिकातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात पॅथॉलॉजीचा टेक्निशियन. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा आम्ही मेणात बसवतो, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा, की झाली स्लाइड. डॉक्टर ती मायक्रोस्कोपखाली बघतात आणि काय ते सांगतात. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. मग आमच्याकडे एक रिसर्च प्रोजेक्ट आला. त्याच्यासोबत स्कॅनर आला, आणि स्कॅनरसोबत एआय. हे किस्से तेव्हापासूनचे.

*

देवरे मॅडम आमच्या विभागप्रमुख. पहिल्या दिवशी सगळ्यांना बसवून त्यांनी प्रोजेक्ट समजावला.

"स्पेशियल बायॉलॉजी. नाव मोठं आहे, घाबरू नका. आतापर्यंत अशा रिसर्चमध्ये गाठ मिक्सरमधून काढल्यासारखी करायचे आणि त्यात काय काय आहे ते मोजायचे. आता मिक्सर नाही. पेशी जिथल्या तिथे ठेवायच्या आणि कुठली पेशी कुणाच्या शेजारी आहे ते बघायचं. एका स्लाइडवर लाखो पेशी असतात, माणसाच्यानं होणार नाही. म्हणून फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला शिकवायचं."

समोर रोहिणी बसली होती. दिंडोरीकडची, घरची द्राक्षबाग, बीएस्सी करून नुकतीच प्रोजेक्टवर लागलेली. ती म्हणाली, "म्हणजे पंगतीत कोण कुणाशेजारी बसलंय, ते!"

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "आणि कोण लांब बसलंय, तेही."

मग पडद्यावर एका गाठीचा नकाशा लावला. कॅन्सरच्या पेशी लाल. त्यांच्याशी लढणाऱ्या, शरीराच्या स्वतःच्या पेशी हिरव्या. मधोमध लालच लाल, आणि भोवती हिरव्यांची जाड रांग. आत एकही नाही.

"ह्या बाहेरच का थांबल्यात?" रोहिणीनं विचारलं.

"तेच शोधायचंय."

"आत काय चाललंय ते कळत नाही का त्यांना?"

"कळतं," मॅडम म्हणाल्या. "जाता येत नाही."

मीटिंग संपली. मी बाहेर आलो, तर ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी रोजच्यासारखे नातेवाईक उभे होते.

*

आमचा सॉफ्टवेअरवाला चिन्मय. कॉलेज रोडला राहतो, हुशार, बोलताना सारखा चष्मा पुसतो. मशीनला शिकवायचं काम त्याचं. एके सकाळी तो धावतच मॅडमच्या केबिनमध्ये गेला.

"मॅडम, सात स्लाइडवर एक वेगळाच ग्रुप सापडलाय! लाल नाही, हिरव्या नाही. मशीनला ओळखताच येत नाहीये. नवीन टाइप असणार!"

दोन दिवस तो हवेत होता. तिसऱ्या दिवशी मॅडमनी त्या सातही स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली घेतल्या आणि मला बोलावलं.

"निकम, काप उचलताना ग्लोव्हज घालता का?"

"घालतो ना." मग मी म्हणालो, "म्हणजे... गडबडीत राहतात कधीकधी."

"हे बघा."

मी बघितलं. पातळ पातळ पापुद्रे. माझ्याच बोटाच्या कातडीचे! चिन्मयचा नवीन टाइप म्हणजे मी होतो. तो चष्मा पुसत राहिला. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

मॅडम मात्र हसल्या. म्हणाल्या, "जाऊ द्या निकम. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये धडधाकट माणसाच्या पेशी एवढ्याच होत्या."

*

मशीन आपोआप शिकत नाही. आधी कोणीतरी माणसानं बसून त्याला दाखवावं लागतं, ही लाल, ही हिरवी. हे काम रोहिणीचं. सकाळी नऊ ते पाच, माऊस घेऊन एकेक पेशी. हजारो. डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या. पण पोरगी चिवट. "आमच्याकडे द्राक्षाच्या घडातले मणी एकेक करून विरळतात, त्यापुढं हे काय!" म्हणायची.

हळूहळू तिला स्लाइडची माया लागली. नंबरानंच ओळखायची, पण बोलायची माणसासारखं. "निकम काका, आज दोनशे चौदामध्ये लय हिरव्या हैत! पार आत घुसल्यात!" असं ओरडायची. हिरव्या जास्त दिसल्या की त्या दिवशी डबा सगळ्यांना वाटायची. कमी दिसल्या की गप्प. मला वाटायचं, बरं आहे, कोणीतरी त्यांच्या बाजूनं आहे.

एकदा दुपारी चिन्मय कॉम्प्युटरवर यादी बघत होता. म्हणाला, "मस्त! अजून तीन केस कम्प्लीट झाल्या."

रोहिणी खुर्ची ओढत गेली. "दोनशे चौदा झाली का कम्प्लीट?"

"ती तर पहिल्यापासूनच आहे. तू करतेयस ती अख्खी बॅच कम्प्लीटवाल्यांचीच आहे."

"कम्प्लीट म्हणजे बरे झालेले ना?"

चिन्मयनं चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. मी माझं काम चालू ठेवलं, काय करणार? शेवटी त्यालाच सांगावं लागलं. गाठीचा नकाशा आणि माणूस किती जगला, याचा मेळ घालायचा, तर माणूस किती जगला हे आधी कळावं लागतं. ते कळलं की केस कम्प्लीट.

रोहिणीनं खुर्ची परत ओढत नेली. जागेवर गेली, माऊस हातात घेतला आणि पाच वाजेपर्यंत काम केलं. दुसऱ्या दिवशीही आली. पण त्यानंतर नंबर मोठ्यानं कधी म्हणाली नाही.

*

वणीकडचे एक दौलतराव होते. पोटाची गाठ, ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली. त्यांची स्लाइड मशीनसमोर गेली, तेव्हा मशीननं त्यांना सगळ्यात वाईट गटात टाकलं. त्या गटातली माणसं वर्षसुद्धा काढत नाहीत. आणि हे तपासणीला आले ते स्वतः मोटरसायकल चालवत! वर आणखी, "परवाच गड चढून आलो, पायऱ्यांनी," असं सांगत होते.

चिन्मयला राहवलं नाही. तो ओपीडीत जाऊन त्यांना बघून आला. "काका, तुम्ही आमच्या अभ्यासात आउटलायर आहात!"

"म्हंजी?"

चिन्मय अडखळला. "म्हणजे... बाकीच्यांपेक्षा बाहेरचे."

"बाहेरचाच हाय मी," दौलतराव म्हणाले. "वणीचा."

आमच्याकडे हा विनोद महिनाभर चालला. दर तीन महिन्यांनी रोहिणीला सगळ्या पेशंटच्या घरी फोन करावे लागत, माणूस आहे का नाही विचारायला. विचारायचं कसं, हा प्रश्नच. ती म्हणायची, "तब्येत कशी आहे?" दौलतराव फोन उचलायचे आणि तिनं काही विचारायच्या आत ओरडायचे, "हाय हाय! अजून हाय! लिहून घ्या!" ती हसत हसत लिहून घ्यायची.

पाचव्या का सहाव्या फोनला त्यांच्या मंडळींनी उचलला. रोहिणीनं नेहमीचं विचारलं. बाई म्हणाल्या, "त्यांना जाऊन बारा दिवस झाले, ताई. तुमच्या फोनची वाट बघत व्हते ते. मला सांगून ठेवलं व्हतं, त्या पोरीचा फोन आला का दुसरं काय बी नको सांगू, पयलं इचार, बाकीच्यांपरीस मी किती जास्त काढले?"

रोहिणीनं चिन्मयला विचारलं. चिन्मयनं हिशोब करून कागदावर लिहून दिलं. तिनं फोनवर वाचून दाखवलं, "दोन वर्षं सात महिने."

पलीकडे बाईंनी तो आकडा एकदा स्वतः म्हणून बघितला. मग बाई म्हणाल्या, "बरं. फोटोपाशी सांगते."

*

हा लहानसाच आहे.

आमच्याकडे एआय आलंय ही बातमी वेटिंग हॉलपर्यंत गेली होती. एक पंचविशीची मुलगी आईचा रिपोर्ट घेऊन चिन्मयला कॉरिडॉरमध्ये आडवी आली. "सर, तुमच्या कॉम्प्युटरला एकदा विचारा ना. आईचं काय होईल?"

चिन्मय म्हणाला, "अहो, ते रिसर्चसाठी आहे. पेशंटला सांगायची परवानगी नाही. आणि ते चुकूही शकतं."

"चुकू दे ना!"

"असं कसं?"

ती म्हणाली, "खरं सांगणारे वरती पाच डॉक्टर बसलेत. मला एक तरी चुकणारा द्या."

*

वैद्य सरांबद्दल सांगायलाच हवं.

सर म्हणजे आमच्या विभागाचे गुरू. देवरे मॅडमनाही त्यांनीच शिकवलेलं. सत्तरी उलटली, रिटायर झाले, तरी आठवड्यातून दोनदा यायचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि तोंडानं कायम एकच वाक्य: "कडा बघा. मध्ये काय, कोणालाही दिसतं. कडा बघा!" गाठ काढली की तिच्या कडेला रोग उरलाय का, हे बघणं महत्त्वाचं असतं. कडा मोकळी असेल तर सगळं निघालं. नसेल तर आत राहिलं.

जुन्या स्लाइड स्कॅन करताना मशीननं एकीच्या कडेला बारा-पंधरा लाल पेशी दाखवल्या. रिपोर्टात लिहिलं होतं, कडा मोकळ्या. खाली सही वैद्य सरांची. पेशंट एक शाळामास्तरीण. ऑपरेशननंतर दोन वर्षांनी दुखणं उलटलं, आणि बाई गेल्या. त्यांची केस कम्प्लीट होती.

चिन्मयला वाटलं, मशीन चुकलं असेल, माझ्या कातडीच्या वेळेसारखं. मॅडमनी स्लाइड बघितली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

सर पाऊण तास बघत होते. मग डोळे वर न उचलता म्हणाले, "चिन्मय, मशीन बरोबर आहे."

सरांनी रिपोर्टावरची तारीख बघितली.

"निकम, त्या दिवशीचं रजिस्टर काढा. मी किती स्लाइड पाहिल्या होत्या?"

मी काढलं. "अठ्ठ्याऐंशी, सर."

"ही कितवी?"

"एक्क्याऐंशीवी." मग मला राहवलं नाही. "सर, दमला असाल. त्या आठवड्यात दुसरे डॉक्टर रजेवर होते. तुम्ही एकटेच होतात."

सरांनी मान वर केली. "मी दमलो होतो, असं त्या बाईंच्या रिपोर्टात कुठे लिहिलंय का?"

त्यांनी कागद मागितला आणि स्वतःच्या हातानं दुरुस्तीचा रिपोर्ट लिहायला घेतला. कडेला रोग होता, पहिल्या वाचनात माझ्याकडून निसटला, खाली सही.

चिन्मय हळूच म्हणाला, "सर, पेशंटच राहिलेली नाही. आता हा रिपोर्ट वाचणार कोण?"

"मी," सर म्हणाले. "आणि त्यांचे यजमान."

हॉस्पिटलच्या वरच्या लोकांना ते आवडलं नाही. त्यांनी सरांना दोन वेळा बोलावून घेतलं, केबिनची दारं बंद झाली, आवाज चढले. पण मॅडम सरांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. शेवटी दोघं मिळून त्या गृहस्थांच्या घरी गेले. पंचवटीत कुठेतरी. दुपारी गेले ते संध्याकाळीच परतले. मी थांबून होतो.

सर खुर्चीत बसले. मी पाणी दिलं. "काय म्हणाले, सर?"

सर पाणी प्यायले नाहीत. ग्लास नुसता हातात धरून बसले.

"चहा केला," ते म्हणाले. "स्वतः केला. साखर किती, विचारलं."

*

आता हा शेवटचा. हा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

प्रोजेक्टसाठी जुने ब्लॉक वापरायचे, तर माणूस हयात नसेल तेव्हा घरच्यांची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी रोहिणीनं मखमलाबादकडे एक फोन केला. निवृत्तीबाबा. शेवंती-झेंडूची शेती, रोज पहाटे फूलबाजारात. त्यांच्या मंडळी हिराबाई तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे वारल्या होत्या. रोहिणी चांगल्या भाषेत बोलली, "बाबा, आजीच्या गाठीचा तुकडा आम्ही जपून ठेवलाय. अभ्यासाला वापरला तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा दारात हजर. धुतलेलं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी.

"ती अजून हितं हाय?"

रोहिणी घाबरली. मॅडम बाहेर आल्या, त्यांना आत बसवलं, शांतपणे सांगितलं, की तुकडा आहे, छोटासा, नियमानं ठेवावाच लागतो.

"अहो, दहावं झालं, तेरावं झालं. गंगेवर अस्थी सोडल्या. तीन वर्षं पित्राला जेवू घातलं. आन् ती हितं कपाटात!" आवाज चढला नव्हता. "मंग मी केलं ते कोणाचं केलं?"

मॅडमनी मला कपाट उघडायला सांगितलं. हिराबाईंचे दोन ब्लॉक होते. एक रेकॉर्डला ठेवून दुसरा घरच्यांना देता येतो, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर. त्याचा फॉर्म असतो. मी दुसरा ब्लॉक आणून बाबांच्या तळहातावर ठेवला. प्लॅस्टिकच्या चौकटीत पांढरं मेण, आणि मेणात चिंचोक्याएवढा पिवळट ठिपका.

"एवढीशी?" बाबा म्हणाले.

फॉर्मवर एक रकाना असतो, ब्लॉक नेण्याचं कारण. तिथं सगळे 'दुसरं मत' लिहितात. मॅडमनी पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, 'विसर्जन'. बाबांनी अंगठा न देता सही केली, सावकाश, पूर्ण नाव. ब्लॉक रुमालात बांधला, रुमाल पिशवीत ठेवला, आणि जाताना प्रोजेक्टच्या कागदावरही सही केली. "राहिलेली तुम्ही वापरा. कोणाच्या उपेगी पडली तर पडू द्या."

मी त्यांना गेटपर्यंत सोडलं. मेण पाण्यावर तरंगतं. सव्वीस वर्षं मी मेणात हात घालतोय. पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. रिक्षा वळून गेल्यावर सुचलं.

चौथ्या दिवशी बाबा परत आले. तेच धोतर, तीच पिशवी. मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या, मी एकटाच होतो. त्यांनी टेबलावर रुमाल सोडला. मेणाची वडी वेगळी, चौकट वेगळी.

"प्लॅस्टिक गंगेत टाकू नये, म्हून चाकूनं सोडवलं," ते म्हणाले. "रामकुंडात सोडली. वर आली, आन् फिरून काठाला लागली, माझ्याच पायापाशी. दुसऱ्या दिवशी खाली पुलापाशी गेलो, तिथं धार हाय. धारेतनं बी काठाला. काल पुन्हा गेलो. तिथला एक जण म्हणाला, बाबा, दगड बांधा, बुडंल."

त्यांनी रुमालाची घडी घातली.

"दगड घेतला व्हता हातात."

मी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

"ठिवून घ्या तिला," ते म्हणाले. "नंबर तोच टाका. पयलाच."

मी वडी वितळवून नव्या चौकटीत बसवायला ठेवली आणि पहिलाच नंबर घातला. मेण गार होईपर्यंत बाबा शेजारी उभे होते. मग फॉर्म काढला. खालच्या बाजूला अजून एक रकाना असतो, ब्लॉक परत करण्याचं कारण. तो आमच्याकडे कधी कोणी भरतच नाही.

"बाबा, इथं काय लिहू?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"लिहा," ते म्हणाले. "पाण्यानं घेतली नाय."

मी तसंच लिहिलं. दुपारी मॅडम आल्या, त्यांनी वाचलं, आणि खाली सही केली.